बहिणीच्या झटक्यांची वही

माझ्या थोरल्या बहिणीला पहिला झटका आला तेव्हा ती अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. दिवाळी होऊन गेली होती, धान खळ्यावर आलं होतं आणि घरात कोणालाच फुरसत नव्हती. मी ओसरीत पाटीवर गणित सोडवत होते. सुपाचा आवाज थांबला म्हणून वर पाहिलं. ती उभीच होती, पण मान एका बाजूला वळलेली आणि नजर कुठेच नाही. मग ती बाजूच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर कोसळली. दातखीळ बसली, मुठी वळल्या, पाठ जमिनीवरून उचलली गेली. मायने कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. आत्याने पायातली वहाण हुंगवली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि सांडलेल्या तांदळाकडे बघून विचारलं, हे कोणी सांडलं?

ती पंधरा वर्षांची होती, मी बारा; मी तिला बाई म्हणायचे. आम्ही आमगावात राहायचो. स्टेशनाजवळच्या धानाच्या गिरणीत बाबूजी काट्यावर होते. पोती तोलायची, वजन पुकारायचं, कागदावर मांडायचं, हे त्यांचं काम. घरात आम्ही चौघं आणि बाबूजींची विधवा बहीण, म्हणजे आत्या. बहिणीचं लग्न चार वर्षांपूर्वीच झालं होतं. इतक्या लहान मुलीचं लग्न करायचं नाही असा कायदा आला होता, म्हणून मंडळींनी ते सीमेपलीकडच्या संस्थानातल्या एका गावात उरकलं होतं. नवरा तिरोड्याकडचा. ती अजून माहेरीच होती. माघात पाठवणी ठरली होती.

दुसरा झटका पाच दिवसांनी आला, तिसरा त्यानंतर तीन दिवसांनी. आत्याने मायला बाजूला घेऊन सांगितलं की पोरगी भर दुपारी बोडीवर, गावाबाहेरच्या लहान तळ्यावर, एकटी गेली होती, तिथलं काहीतरी लागलं. तिच्या ओळखीचा एक जाणता होता. तो आला, मिरच्यांचा धूर केला, बहिणीचे केस धरून तिला नाव विचारत राहिला. ती खोकत होती आणि स्वतःचंच नाव सांगत होती. तो गेला, पण जाताना म्हणाला की असंच चालू राहिलं तर अवसेला परत येतो, मग डाग द्यावा लागेल. डाग म्हणजे धान कापायचा इळा निखाऱ्यात लाल करून अंगावर टेकवायचा.

तिरोड्याला ही बातमी कशी पोचली कोण जाणे. सासऱ्यांचा निरोप आला: माघापर्यंत पोरगी बरी करा, नाहीतर आम्हाला दुसरी सोय पाहावी लागेल.

त्याच सुमारास आमच्या मुलींच्या शाळेत डॉक्टरीणबाई आल्या. गोंदियाला बायकांच्या दवाखान्यात होत्या. गावोगाव फिरून दहा ते सोळा वर्षांच्या मुलींची माहिती लिहून घेत होत्या. मास्तरीणबाईंनी आम्हाला रांगेत उभं केलं. उंची मोजायला भिंतीवर खडूच्या रेघा होत्या, पण वजनाला शाळेत काटा नव्हता. मग आमची सगळी वरात गिरणीत गेली. पोती ठेवायच्या फळीवर एकेक मुलगी चढायची आणि माझे बाबूजी दुसऱ्या बाजूला वजनं चढवायचे. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि धानाचं पुकारावं तसं माझं वजन पुकारलं. मुली हसल्या.

नंतर एकेकीला वर्गाच्या कोपऱ्यात बसवून डॉक्टरीणबाई प्रश्न विचारत होत्या. ताप किती वेळा आला, सकाळी काय खातेस, झोप लागते का. आणि शेवटी, तुला कशाची भीती वाटते? असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. साप, मास्तरीणबाईंची छडी, असं काही सांगून उठायचं मी ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "माह्या बाईले डागणार आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या की झटका संपल्यावर बघून मला फारसं कळणार नाही. येताना, चालू असताना कोणीतरी नीट पाहायला हवं. त्यांनी पिशवीतून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहून दिले. वार आणि वेळ. झटक्याआधी काय करत होती. जवळ कोण होतं, काय बोलणं चाललं होतं. किती वेळ टिकला. जीभ चावली का, पडताना लागलं का, कपडे ओले झाले का.

"तुला काय वाटतं ते लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "काय दिसलं तेवढंच लिही. तीन आठवड्यांनी सोमवारी मी परत येते."

मी हिशेब केला. अवस त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी येत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या बाईला तारीख बदला असं कसं सांगायचं, हे मला कळलं नाही.

पहिले तीन झटके आठवून लिहिले. पुढचे चार डोळ्यांसमोर आले. वही मी धान साठवायच्या ढोलीमागे ठेवायचे. घरात बाबूजी आणि आम्ही दोघी सोडून कोणाला वाचता येत नव्हतं, तरी भीती वाटायची. सकाळी उठल्यापासून मी बहिणीवर नजर ठेवून असे. तिला ते कळायचं. ती विहिरीवर गेली की मी मागे, ती चुलीशी बसली की मी दाराशी. शाळेत माझं लक्ष नव्हतं. तिला झटका येऊ नये असं मला वाटायचं, आणि येणारच असेल तर माझ्या देखत यावा असंही वाटायचं. या दुसऱ्या इच्छेची मला लाज वाटे.

सातवा झटका लिहून झाल्यावर मी वही पहिल्यापासून वाचली. जीभ एकदाही चावलेली नव्हती. कपडे ओले नव्हते. चुलीजवळ, विहिरीजवळ, एकटी असताना एकदाही नाही. पडली ती तणसावर, वाकळेवर, मायच्या मांडीवर. आणि सातांतल्या पाच वेळा कोणीतरी सासरचं नाव काढलं होतं: पोस्टमनने पत्र आणलं, आत्याने माघाला किती दिवस उरले ते मोजलं, कापडवाल्याने पाठवणीचं लुगडं उलगडून दाखवलं.

मला वाटलं, बाई ढोंग करून राहिली.

आधी राग आला. तिच्यासाठी मी जेवणावरून उठत होते, आणि ती? मग भीती वाटली, कारण ही वही आता काय सांगते ते मलाच कळत होतं. सोमवारी मी ती डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली तर त्या बाबूजींना सांगतील, पोरगी ठणठणीत आहे, पाठवून द्या. आणि सोमवारची वाट पाहिली तर त्याआधीच, गुरुवारी, इळा तापणार.

मंगळवारी दुपारी मी ढोलीमागे हात घातला तर वही तिथे नव्हती. बहीण माजघरात बसली होती, वही तिच्या मांडीवर उघडी. ती तिसरी शिकलेली होती, बोट ठेवून वाचायची. मी दारातच उभी राहिले. तिने शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

"का लिहून राहिली वं तू हे?"

मी डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. मग तिने विचारलं, तुले का वाटते, मी सोंग करतो? तिने माझा हात ओढून आपल्या छातीवर धरला. आत धडधड चालली होती.

"आधी कानात आवाज येते," ती म्हणाली. "सूप हलवल्यावानी. मंग हात माहे नाही राहात, पाय माहे नाही राहात. मी थांबवतो म्हटलं तरी नाही थांबत. हे लिहिलंस का?"

ते मला दिसलेलं नव्हतं, म्हणून लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. मग तिने विचारलं, आणि तिचं? तिचं लिहिलंस का?

ती म्हणजे कोण हे मला लगेच कळलं. आमच्या गल्लीतली मुलगी, बहिणीच्याच वयाची, तिची लहानपणापासूनची सोबतीण. एक वर्ष आधी सासरी गेली आणि दसऱ्याच्या आधी बाळंतपणाला माहेरी आली. दसरा झाल्यावर दोन दिवस अडली. माझी बहीण तिच्या घरी होती, सुईणीला गरम पाणी नेऊन देत होती. आमच्या घरी एवढंच सांगितलं गेलं की मूल गेलं, मग तीही गेली. बहिणीने त्या दोन दिवसांत काय पाहिलं हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती घरी आली, आंघोळ केली आणि मायने तिला भाकरी थापायला बसवलं.

आता तिने मला सांगितलं. सगळं सांगितलं. ते मी बारा वर्षांची असताना ऐकलं आणि इथे लिहिणार नाही. शेवटी तिने सांगितलं की ती सोबतीण तिचं मनगट धरून होती आणि हात गार झाल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"लिही," ती म्हणाली. मी लिहिलं. तिने सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत. लिहिताना मी दिवस मोजले. पहिला झटका आला तो त्या मुलीच्या तेरवीचा दिवस होता.

लिहून झाल्यावर मी विचारलं, बाबूजींना दाखवू का? तिने मान हलवली. बाबूजींना नको, डॉक्टरणीला दे. मी म्हटलं, सोमवारच्या आधी गुरुवार येतो. ती म्हणाली, डाग सोसीन, पण बाबूजींनी हे वाचलेलं मले नाही सोसणार. आमच्याकडे बाळंतपणाचं बापासमोर बोलायची रीत नव्हती.

बुधवारचा अख्खा दिवस मी वही दप्तरात घेऊन फिरले. मास्तरीणबाईंना सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या टेबलापाशी गेले आणि दोनदा परत फिरले. गोंदियाला जाणारी गाडी स्टेशनात उभी होती, ती सुटेपर्यंत पाहत राहिले. बहिणीचा शब्द मोडायचा की नाही, एवढंच डोक्यात. त्या रात्री मी काहीच ठरवलं नाही.

गुरुवारी सकाळी जाणता आला. त्याच्याबरोबर आणखी दोन माणसं होती, बहिणीला धरायला. आत्याने अंगणात गोवऱ्या पेटवल्या. इळा निखाऱ्यात खोचला गेला तेव्हा मी मागच्या दाराने निघाले आणि गिरणीपर्यंत धावत गेले.

बाबूजी काट्याशी उभे होते. गाड्या लागल्या होत्या, हमाल पोती उतरवत होते, भुशाची धूळ उडत होती. मी वही त्यांच्यापुढे धरली. ते रागावले, घरी काय चाललंय ते माहीत असूनच ते आज लवकर कामावर आले होते. मी वही धरूनच राहिले. शेवटी त्यांनी ती घेतली, कपाळावरचा घाम पुसला आणि वाचायला लागले. हमालाने दोनदा हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. शेवटचं पान ते दोनदा वाचत होते असं मला वाटलं, किंवा तिथेच थांबले होते.

"हे तिनं सांगितलं?"

मी मान डोलावली.

"तिच्या तोंडानं?"

पुन्हा मान डोलावली. त्यांनी वही सदऱ्याच्या आत घातली आणि काटा तसाच सोडून निघाले. ते झपझप चालत होते, मी मागे धावत होते. बाबूजींना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी बहिणीची किंकाळी ऐकू आली आणि ते धावले.

एक डाग देऊन झाला होता, उजव्या मनगटाच्या वर. दुसऱ्यासाठी इळा परत निखाऱ्यात होता. बाबूजींनी बादली उचलून निखाऱ्यांवर ओतली. त्या दोघांना त्यांनी हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, "सोडा तिले." जाणता म्हणाला की अर्ध्यावर सोडलं तर उलटेल. उलटू दे, बाबूजी म्हणाले, माह्यावर उलटू दे. आत्या रडायला लागली. ती वाईट बाई नव्हती. तिला खरंच वाटत होतं की भाची मरेल.

बहिणीने बाबूजींच्या सदऱ्यातून डोकावणारी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिला झटका आला नाही. ती उठून आत गेली. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी बुधवारीच वही दाखवली असती तर तो डागही बसला नसता. हे मला तेव्हाच कळलं होतं. मोठेपणी लोकांनी समजावलं की तू लहान होतीस. लहान तर होतेच.

सोमवारी डॉक्टरीणबाई आमच्या ओसरीत बसल्या. आधी त्यांनी जखम पाहिली, धुतली, मलम लावलं. मग बहिणीला तपासलं, तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. नंतर बाबूजींच्या परवानगीने आम्ही सगळे गिरणीत गेलो आणि बाबूजींनी आपल्या थोरल्या मुलीला काट्यावर चढवलं. धानाच्या पोत्याच्या निम्मंही तिचं वजन भरलं नाही. बाबूजींनी एक वजन काढलं, परत ठेवलं, परत काढलं. आकडा पुकारला नाही.

डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "हे फेफरं नाही, भूत नाही, आणि ढोंगही नाही. तोंडाला बोलता येत नाही ते अंग बोलतंय. मला यातलं सगळं कळतं असं समजू नका. पण तिची भीती खोटी नाही."

मग त्यांनी स्वतःची वही काढली. त्यात गावोगावच्या मुलींची माहिती होती, लग्नाचं वय, पहिलं बाळंतपण, त्यानंतर काय झालं. त्यांनी ती बाबूजींसमोर धरली. बाबूजींनी दोन पानं उलटली, तिसऱ्यावर थांबले आणि वही मिटून परत दिली. किती दिवस थांबायचं, त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान दोन वर्षं. आणि तिला जे सांगावंसं वाटेल ते ऐकायला घरात एक माणूस पाहिजे.

तिरोड्याला बाबूजी स्वतः गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. सासऱ्यांनी हो म्हटलं नव्हतं, सोडतो असंही म्हटलं नव्हतं. तो माघ गेला, फाल्गुन गेला. दारावर पोस्टमन आला की घर गप्प व्हायचं. लोक विचारायचे, पोरगी घरीच ठेवून राहिले का? झटके एकदम थांबले नाहीत. त्या उन्हाळ्यात तीन आले, पावसाळ्यात एक. पण आता माय तिच्या नाकाशी कांदा धरत नसे. डोकं मांडीवर घेऊन बसायची आणि नंतर विचारायची, का आठवलं तुले? पहिल्यांदा बहिणीने उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा दिलं. मायही मग आपल्या पहिल्या बाळंतपणाचं बोलली, जे आम्ही कोणीच कधी ऐकलं नव्हतं. आमच्या दोघींच्या आधी तिला एक मूल झालं होतं.

माझ्याशी बहीण बोलली ती रोवणीच्या दिवसांत. शेतात चिखलात उभ्या होतो, दोघींच्या हातात रोपं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबूजी अजून माह्याकडं सरळ पाहात नाहीत." मी म्हटलं, पाहतात, तू खाली पाहतेस. संध्याकाळी तिने माझी वेणी घातली.

शेवटी तिरोड्याचं पत्र आलं ते दिवाळीनंतर. मुलगा स्वतः लिहीत होता. रेल्वेत लागला होता, अजून एक वर्ष थांबायला त्याची हरकत नव्हती. बाबूजींनी ते पत्र बहिणीलाच वाचायला दिलं, तेही आमच्या घरी पहिल्यांदाच झालं.

ती गेली तेव्हा सतरा पुरी झाली होती. स्टेशनावर आम्ही सगळे होतो. गाडी यायची घंटा झाली आणि मी तिच्या हातांकडे पाहत राहिले, मुठी वळतात का. मायही तिथेच बघत होती. बहीण डब्यात चढली, खिडकीशी बसली. बाबूजी खिडकीपाशी गेले आणि म्हणाले की काही वाटलं तर लिहीत जा, मले लिही. ती हो म्हणाली, त्यांच्याकडे बघून.

गाडी गेल्यावर चार दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. पाचव्या दिवशी पोस्टकार्ड आलं, मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत. पोचली. घर मोठं आहे. परवा एकदा झटका आला, सासूबाई घाबरल्या, पण जवळ बसल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणाला गोंदियाच्या दवाखान्यातच जायचं, मी सांगते सगळ्यांना.

बाबूजींनी ते मायला आणि आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आत्या डोळे पुसत म्हणाली, अजून एकदा वाच.